विजेचा जमाखर्च : चार्ल्स केटरिंग यांची जीवनकथा

इंदूर शहराच्या पूर्वेस असलेले खजराना हे एकेकाळचे वेगळे गाव आज शहरातच मिसळून गेले आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेले तेथील गणेशमंदिर साऱ्या माळव्याचे श्रद्धास्थान आहे, आणि नवे वाहन घेतले की ते प्रथम खजरान्याच्या गणपतीपुढे न्यावयाचे हा इंदूरकरांचा रिवाज आहे. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, हार चढतो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि मग मालक आत बसून किल्ली फिरवतो. क्षणभर घरघर होते, इंजिन जागे होते आणि लिंबे चिरडीत गाडी पुढे सरकते. किल्ली फिरवण्याच्या त्या क्षणाकडे या सोहळ्यात कोणाचेच लक्ष नसते. इंजिन सुरू होणारच, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

ज्यांनी जुनी अँबॅसडर किंवा फियाट पाहिली आहे त्यांना हे गृहीत धरणे किती अलीकडचे आहे याची कल्पना असेल. त्या गाड्यांच्या डिकीत लोखंडी हँडल ठेवलेले असे, आणि थंडीच्या सकाळी बॅटरी उतरली असली म्हणजे ते बाहेर निघे. हँडलने भागले नाही तर शेजारच्या चार पोरांना धक्का मारावयास बोलावले जाई. गॅरेजमधले मिस्त्री इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या यंत्राला आजही नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ मारला’, ‘सेल्फ उचलत नाही’, हे शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे कोणी एक माणूस असेल असे मनातही येत नाही. तो माणूस म्हणजे अमेरिकेतील ओहायो राज्याचे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. त्यांचे नाव सेल्फ-स्टार्टरशी जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या कामाकडे थोडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की इंजिन फिरवणारी मोटर बनवणे हा त्यातला सोपा भाग होता. त्या मोटरीला लागणारी वीज गाडीने स्वतःच कमवावी, साठवावी, बेताने खर्चावी आणि खर्चलेली पुन्हा भरून काढावी, हा जो जमाखर्च त्यांनी मोटारीच्या पोटात बसवला, ते खरे अवघड काम होते.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायोतील लाउडनव्हिल या गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शरीराने ते धडधाकट होते, पण डोळ्यांनी अधू. वाचन थोडे लांबले की डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातील शाळेत मास्तरकी केली, आणि पुढे कोलंबस येथील ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. डोळ्यांनी तेथेही दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावे लागले. निराशेच्या त्या काळात ते एका टेलिफोन कंपनीच्या खांब उभारणाऱ्या टोळीत मजूर म्हणून लागले. खड्डे खणणे, तारा ओढणे, यंत्रपेट्यांतील बॅटऱ्या तपासणे, हे उघड्यावरचे काम त्यांच्या प्रकृतीला मानवले. तारांतून वीज कोठे वाहते, कोठे अडते आणि कोठे गळते याची समज त्यांना पुस्तकापेक्षा या टोळीतच अधिक आली असावी. ऑलिव्ह विल्यम्स ही त्यांची भावी पत्नीही याच दिवसांत भेटली. ते पुन्हा विद्यापीठात गेले, सोबत्यांकडून पाठ वाचून घेऊन ते ऐकत राहिले आणि १९०४ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते. सोबतीची मुले केव्हाच नोकरीला लागली होती.

डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत त्यांना काम मिळाले. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवावयाचे, बेरीज करणारे आणि खण उघडणारे यंत्र ही कंपनी बनवीत असे. ते यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. ते विजेवर चालावे अशी मालकांची इच्छा होती. सतत फिरणारी, योग्य ताकदीची मोटर त्या छोट्या पेटीत मावणे शक्य नव्हते. केटरिंग यांच्या ध्यानात आले की गल्ला उघडावयास क्षणभरच जोर लागतो आणि नंतर यंत्र स्वस्थ बसते. एखादा हमाल दिवसभर वाहू शकणार नाही असे ओझे दहा पावले सहज नेतो. त्याचप्रमाणे लहान मोटरीकडून क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचे काम करून घेता येईल आणि तापण्याच्या आत तिला विश्रांती देता येईल. या विचाराने बनवलेला विजेचा गल्ला यशस्वी ठरला. पुढील साऱ्या कर्तृत्वाचे बीज या किरकोळ वाटणाऱ्या निरीक्षणात आहे.

याच कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांना मोटारीचा नाद होता. त्यांच्या घरामागे एक तबेला होता. कंपनीची नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग, डीड्स, विल्यम क्रिस्ट आणि आणखी काही सहकारी त्या तबेल्यात जमू लागले. या मंडळींना पुढे ‘तबेल्याची टोळी’ असेच नाव पडले. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली. मोटारीच्या इंजिनातील ठिणगी पाडण्याची एक सुधारित पद्धत त्यांनी बसवली होती आणि कॅडिलॅक मोटारींचे निर्माते हेन्री लेलँड यांनी ती विकत घेण्याचे कबूल केले होते. त्यासाठी जी कंपनी उभी राहिली तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. नावापलीकडे कंपनीपाशी फारसे काही नव्हते. तबेला तोच होता, माणसेही तीच होती.

त्या काळच्या मोटारीची अवस्था आज कल्पनेत आणणे कठीण आहे. इंजिन सुरू करावयाचे तर पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारा दांडा योग्य जागी नसला तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल फिरवणाऱ्याचे मनगट किंवा दंड मोडे. अशा जखमांना डॉक्टरांच्या भाषेत वेगळे नावच पडले होते. दिव्यांसाठी कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून निघणारा वायू जाळीत आणि ते दिवे काडी ओढून लावावे लागत. विजेवर चालणाऱ्या मोटारीही त्या काळी रस्त्यावर होत्या. त्यांना हँडल नव्हते, आवाज नव्हता, वास नव्हता, आणि स्त्रिया त्या पसंत करीत. त्यांची बॅटरी मात्र बाहेरच्या विजेवर भरून घ्यावी लागे आणि थोड्याच अंतरात ती संपे.

लेलँड यांनी केटरिंग यांना सेल्फ-स्टार्टर का करावयास लावला याची एक हृदयद्रावक कथा सांगितली जाते. बायरन कार्टर हे मोटार उद्योगातील त्यांचे मित्र. डेट्रॉइट येथील एका पुलावर एका बाईंची मोटार बंद पडली होती. तिच्या मदतीस जाऊन कार्टर यांनी हँडल मारले, ते उलटले, त्यांचा जबडा मोडला आणि त्या दुखण्यातून पुढे न्यूमोनिया होऊन त्यांचा अंत झाला. ती मोटार कॅडिलॅक असल्यामुळे लेलँड यांना तो प्रसंग जिव्हारी लागला, अशी ही हकीकत. कालक्रमात मात्र ती तंतोतंत बसत नाही. कार्टर यांचे निधन १९०८ सालचे आहे आणि सेल्फ-स्टार्टरचे काम त्यानंतर दोन वर्षांनी हाती घेतले गेले. चरित्रकारांना अशी कथा हवीच असते. हँडलने माणसे जायबंदी होत होती आणि लेलँड यांना त्याची खंत होती, एवढे सत्य पुरेसे आहे.

विद्युतशास्त्रातील जाणकारांचे मत या कल्पनेला प्रतिकूल होते. इंजिन फिरवावयास लागणारी ताकद हिशेबात घेतली तर मोटर इंजिनाएवढी मोठी होईल आणि तिला पुरेल अशी बॅटरी ओढावयास दुसरी गाडी लागेल, असा त्यांचा आक्षेप. गणित चुकीचे नव्हते, पण ते दिवसभर फिरणाऱ्या मोटरीचे होते. केटरिंग यांनी गल्ल्याचा अनुभव येथे लावला. इंजिनाला काही सेकंदच फिरवावयाचे, मग ते स्वतःच्या पायावर उभे राहते. लहान मोटर दातेरी चक्रांच्या जोडणीने इंजिनाच्या जड चक्राला फिरवील, आणि इंजिन चालू झाले की तीच मोटर उलट भूमिका घेऊन डायनामो होईल व बॅटरी भरू लागेल. एकच यंत्र प्रथम कर्जदार, नंतर सावकार. फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा बसवलेली कॅडिलॅक तयार झाली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ-स्टार्टर, विजेचे दिवे आणि बॅटरीवरची ठिणगी या तिन्ही गोष्टी घेऊनच बाजारात आल्या. इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक दिला.

या यंत्रणेतील बॅटरीची रचना पाहण्याजोगी आहे. सहा-सहा व्होल्टचे चार संच होते. इंजिन सुरू करताना ते एकापुढे एक जोडले जात आणि चोवीस व्होल्ट मिळत. दिवे लावताना आणि बॅटरी भरताना तेच संच शेजारी-शेजारी जोडले जाऊन सहा व्होल्टचे होत. चौघे भाऊ जड ओझे उचलताना एका दोरीला लागतात आणि एरवी आपापल्या पंक्तीला बसतात, तसा हा प्रकार. पुढे मोटर सुधारली आणि या गुंतागुंतीची गरज उरली नाही.

आता जमाखर्चाचा प्रश्न. समजा, इंजिन सुरू करावयास दीडशे अँपिअरचा प्रवाह दहा सेकंद लागला. एवढा मोठा आकडा पाहून बॅटरी रिकामी झाली असे वाटेल. पण डायनामोने दहा अँपिअरने भरावयास घेतले तर ती तूट अडीच मिनिटांत भरून निघते. बॅटरी घेतलेले सगळे परत देत नाही, म्हणून चार मिनिटे धरू. याउलट गाडीचे सगळे दिवे मिळून दहा अँपिअर घेत असतील आणि इंजिन बंद ठेवून ते एक तास जळत राहिले, तर चोवीस वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज गेली! लोकांना भीती वाटे सेल्फची, आणि बॅटरी खाऊन टाकीत ते दिवे. घरोघरच्या संसारात लग्नाचा खर्च डोळ्यांत भरतो आणि रोजच्या किराणा मालाचे कोणी टिपून ठेवीत नाही, त्यातलाच हा भाग. सेल्फ-स्टार्टर आल्यामुळे बॅटरी गाडीत कायमची आली, बॅटरी आली म्हणून दिवे आले, दिवे आले म्हणून डायनामोवर रोजचा बोजा पडला. केटरिंग यांनी सोडवलेल्या एका प्रश्नाने असा दुसरा प्रश्न जन्माला घातला.

डायनामोचा स्वभावच असा की तो जितका जोराने फिरेल तितकी अधिक वीज देतो. मोटारीचे इंजिन बाजारातील गर्दीत हळू चालते आणि मोकळ्या रस्त्यावर कितीतरी पट वेगाने. तेव्हा गर्दीत वीज अपुरी आणि मोकळ्या रस्त्यावर नको इतकी. शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी, जी फ्रान्समध्ये प्लाँते यांनी १८५९ साली प्रथम सिद्ध केली, ती या बाबतीत फार नाजूक. उपाशी राहिली तर तिच्या पत्र्यांवर शिशाचा कठीण पांढरा क्षार बसतो आणि ती कायमची अशक्त होते. अति भरली तर आतील पाण्याचे विघटन होऊन वायू निघतात, पाणी आटते, पत्रे उघडे पडतात. ड्रायव्हर मंडळी याला बॅटरी ‘उकळली’ म्हणतात. शिवाय इंजिन फार हळू झाले तर डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होऊन वीज उलटी वाहावयास लागते, म्हणजे बॅटरीच डायनामोला फिरवू पाहते. हे थांबवण्यासाठी चुंबकावर चालणारा एक दरवाजा ठेवावा लागला. तोच ‘कटआउट’.

डेल्कोच्या आरंभीच्या काही यंत्रणांत या असमतोलावर पाऱ्याचा उपाय होता. एका नळीत पारा, त्यात बुडालेली तारेची गुंडाळी आणि ती वर ओढणारे चुंबक. दाब वाढला की गुंडाळी पाऱ्याबाहेर येई, अधिक तार मार्गात पडे, डायनामोचे चुंबकत्व क्षीण होई आणि वीज आवरली जाई. युक्ती सुंदर, पण हेलकावे खाणाऱ्या गाडीत पारा सांभाळणे हे काही सुखाचे काम नव्हे. मग स्वस्त आणि सुटसुटीत असा ‘तिसऱ्या ब्रश’चा डायनामो सर्वत्र रुळला. डायनामोतून वीज बाहेर घेणारे दोन ब्रश असतातच. त्याच्या चुंबकांना लागणारी वीज मधल्याच जागी बसवलेल्या तिसऱ्या ब्रशवरून घेतली की वेग फार वाढताच ती आपोआप कमी होते. त्यामुळे मध्यम वेगाला सर्वांत जास्त वीज मिळे आणि त्यापुढे ती घटू लागे.

वेगाचा अतिरेक अशा रीतीने आवरला, पण या डायनामोला बॅटरीचे पोट कळत नव्हते. तो वेग पाहून वाढे, भूक पाहून नव्हे. किंबहुना पूर्ण भरलेल्या बॅटरीलाच तो अधिक आग्रह करी. म्हणून उन्हाळ्यात लांबच्या प्रवासास निघालेले शहाणे चालक भर दुपारी पुढचे दिवे लावून गाडी चालवीत, ते केवळ जादा वीज जाळून टाकण्यासाठी. हिवाळ्यात रात्री लवकर दिवे लागत आणि इंजिनही सुरू होण्यास त्रास देई, तेव्हा तिसरा ब्रश थोडा सरकवून वीज वाढवावी लागे. काही गाड्यांत तर उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणांचे बटणच असे. बॅटरीची तार चुकून सुटली तर डायनामोचा दाब बेफाम वाढून सगळे दिवे एकदम उडत. फळीवर अँपिअर दाखवणारा काटा असे आणि जुने चालक त्याच्याकडे वैद्याने नाडीकडे पाहावे तसे पाहत. गाडीच्या विजेचा जमाखर्च बराच काळ असा निम्मा यंत्राने आणि निम्मा माणसाने सांभाळला.

हे सारे अमेरिकेपुरते राहिले नाही. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९१३ साली डायनामो, बॅटरी, नियामक आणि दिवे असा संपूर्ण संच विक्रीस आणला. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, जो १९५४ पर्यंत चालला. आग्रा–मुंबई मार्ग इंदूरवरून जातो, आणि इंदूर दरबारात तर यशवंतराव होळकर महाराजांच्या काळी, १९३० नंतरच्या दशकात, अमेरिकन ड्यूसेनबर्गसारख्या उंची गाड्या आल्या होत्या. महाराजांची गाडी असो की मालाची लॉरी, बॉनेटखाली डायनामो, कटआउट आणि बॅटरी यांचा तोच संसार होता. त्याच दशकात भूक पाहून वाढणारा नियामक हळूहळू सर्वत्र आला. पोलादी पट्टी चुंबकाने सेकंदाला अनेक वेळा थरथरत मार्ग जोडी-तोडी आणि बॅटरीचा दाब पाहूनच डायनामोला सोडी किंवा आवरी. दुपारी दिवे लावण्याची पाळी मग राहिली नाही.

जमा-खर्चाचे हेच सूत्र केटरिंग यांनी मोटारीबाहेरही लावले. अमेरिकेतील खेड्यांत त्या वेळी वीज पोचली नव्हती. आईचे घर शेतावर, तेथे रॉकेलचे दिवे. छोटे इंजिन, डायनामो आणि काचेच्या भांड्यांतील सोळा घटांची बत्तीस व्होल्टची बॅटरी असा ‘डेल्को लाइट’ नावाचा संच त्यांनी १९१६ च्या सुमारास बाजारात आणला. इंजिन दिवसा काही वेळ चालवावे आणि रात्री दिवे जाळावेत. आपल्याकडे इन्व्हर्टर ज्या तत्त्वावर चालतो त्याचे हे पूर्वरूप समजावयास हरकत नाही. त्याच वर्षी डेल्को विकली गेली, पुढे ती जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि केटरिंग त्या अवाढव्य कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. ते पद त्यांनी १९४७ पर्यंत सांभाळले. त्वरित वाळणारा रंग, रेल्वेची डिझेल इंजिने अशी कितीतरी कामे त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारे इंजिन मात्र १९२३ साली सपशेल फसले. विकलेल्या शेवरोले गाड्या परत घ्याव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. एवढ्या मोठ्या अपयशानंतरही संशोधकाला ठेवून घेण्याचे शहाणपण त्या कंपनीच्या चालकांनी दाखवले.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण मात्र अपयशाचे नाही, यशाचे आहे. डेल्कोची बॅटरीवरची ठिणगी आली तेव्हा इंजिन ठोकते अशा तक्रारी येऊ लागल्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी दोष त्या ठिणगीला दिला. आपल्या यंत्रावर आलेला आळ खोटा आहे, दोष इंधनाचा आहे, हे सिद्ध करण्याची केटरिंग यांना ईर्षा होती. त्यांनी टॉमस मिजली या तरुण अभियंत्याला या कामावर लावले. डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना शिशाचे एक द्रवरूप संयुग सापडले. पेट्रोलमध्ये त्याचे काही थेंब घातले की इंजिनाची ठोक थांबे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली, पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले.

शिसे विषारी आहे हे कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ते रोमन काळापासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. इतर कारखान्यांतही बळी गेले, आणि त्यांत डेटनचेही होते. विक्री काही काळ थांबवावी लागली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी परिषद भरली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या व्यवसायजन्य रोगांच्या जाणकारांनी कडक विरोध केला. केटरिंग यांनी या इंधनाची बाजू मांडली. तेलाचे साठे मर्यादित आहेत आणि कमी तेलात अधिक काम करून घेणारे दुसरे तितके सोयीचे द्रव्य हाती नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मद्यार्क मिसळूनही ठोक थांबते हे त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले होते, पण मद्यार्क कोणाच्याही मालकीचा नव्हता. चौकशी समितीला बंदी घालण्याजोगा पुरावा दिसला नाही, १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली आणि ते पेट्रोल जगभर गेले. ज्या माणसाने बॅटरीत किती अँपिअर गेले आणि किती आले याचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडला, त्याने गाडीच्या मागच्या नळीतून किती शिसे हवेत गेले आणि ते कोणाच्या रक्तात जमा झाले याची नोंद ठेवली नाही. ज्ञानाची त्या काळची मर्यादा जमेस धरली तरी, मेलेल्या कामगारांची नावे समोर असताना, हा ठपका पूर्णपणे पुसता येत नाही. पुढे संशोधन होत गेले, मुलांच्या बुद्धीवर शिशाचा परिणाम सिद्ध झाला आणि देशोदेशी ते पेट्रोल बंद झाले. भारतात ते २००० साली गेले. सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरियाने ते थांबवले. मिजली यांनीच १९२८ साली शीतकपाटांसाठी शोधलेला फ्रिऑन वायूही केटरिंग यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामाचे फळ. त्याने वातावरणातील ओझोनचे काय केले हे उमगण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

उत्तरायुष्यात केटरिंग अमाप श्रीमंत झाले, पण राहणी आणि बोलणे तबेल्यातलेच राहिले. सहकारी त्यांना आदराने आणि थोड्या थट्टेने ‘बॉस केट’ म्हणत. त्यांच्या नावावर १८६ पेटंटे आहेत. वनस्पती सूर्यप्रकाश कसा साठवतात या प्रश्नाचा त्यांना शेवटपर्यंत ध्यास होता आणि त्यावरील संशोधनासाठी त्यांनी पैसा ओतला. तोही साठवणुकीचाच प्रश्न. बहीण एमा कर्करोगाने गेली. १९४५ साली जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधनाची संस्था स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्हही त्याच रोगाने निवर्तली. ज्या डेटनमध्ये त्यांनी उमेदवारी केली त्याला लागून असलेल्या नव्या शहराला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी तेथेच, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दोनच वर्षांनी, १९६० साली, क्रायस्लर कंपनीच्या व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी आल्टरनेटर बसवला गेला. इंजिन जागच्या जागी हळू चालत असतानाही तो पुरेशी वीज देतो आणि वीज उलटी वाहू न देण्याचे काम त्यातील सिलिकनचे डायोडच करतात, त्यामुळे कटआउटची गरज संपली. भारतात हा बदल सावकाश आला, आणि डायनामो बांधून देणारे मिस्त्री त्यानंतरही बरीच वर्षे आपापल्या दुकानांत काम करीत राहिले.